डाव्या कानातली बाई

४ डिसेंबर, गुरुवार

बाई आज एकदम म्हाताऱ्या झाल्या. पावसाळ्यापासून त्यांचे जुने सिनेमे मराठीत डब करत होतो, काळे-पांढरे. त्यात बाई विशीतल्या, मग तिशीतल्या, कमरेवर हात ठेवून सगळ्या कैरोला उडवून लावणाऱ्या. आज त्यांची शेवटची मालिका उघडली आणि पहिल्याच चित्रात पांढरे केस, काठी, गळ्याला रुमाल, जिन्यात थांबून घेतलेला दम. मला चक्क वाईट वाटलं. माइकसमोर उभी राहून चुकचुकले. दीपेश काचेपलीकडून म्हणाला, "काकू, चुकचुकणं स्क्रिप्टमध्ये नाय हां."

घसा दिवाळीपासून बसलेला, म्हणून धाकधूक होती. दोन वाक्यं म्हटली तर दीपेश उठून उभाच राहिला. "हाच! हाच आवाज ठेवा काकू. कसलं वय उतरलंय आवाजात!"

म्हटलं, ठेवते. दुसरा आहे कुठे माझ्याकडे.

६ डिसें.

डोलवीजवळ बस तुंबली. रस्त्याचं काम म्हणे. या रस्त्याचं काम आमची मयुरी बालवाडीत होती तेव्हापासून चालू आहे, आता ती दुसऱ्यांच्या मुलांचे क्लास घेते. खिडकीतून कंपनीच्या चिमण्या. आत कुठेतरी हे क्रेनवर बसलेले, ठेकेदाराच्या पिवळ्या टोपीत. मनात हात केला.

स्टुडिओ म्हणजे पेणला दीपेशच्या आत्याच्या घराची मागची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. घरचे सगळे हमरापूरला गणपतीच्या मूर्ती करतात. हा एकटाच आवाजाच्या नादाला लागला. ॲपवाल्यांनी इजिप्तच्या या बाईंचा सगळा गठ्ठा विकत घेतला नि मराठीचं काम याच्या पदरात पडलं. आणि त्याच्या पदरातून माझ्या. पन्नाशीला आले आणि आयुष्यात पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली, तीही दुसरीच्या तोंडून.

पण मिळाली.

९ डिसें.

भाग ५. मालिकेत बाईंचं नाव सफिया. विधवा, तीन मुलगे, घर विकायला निघालेत, ही विकू देत नाही. मला आवडते. भांडखोर आहे.

जेवताना दीपेश फोनवर बाईंची माहिती वाचत होता. कापसाच्या गावातली पोर. गावात नाटक मंडळी आली, त्यांच्याबरोबर पळाली. बापानं गावाला सांगितलं, ती मेली. मग कैरोत रंगभूमीचं काम, दिवसा शूटिंग, संध्याकाळी नाटक. एक लग्न, तेही मोडलं. मग हिरोइनच्या आया, मग आज्या.

"तुमच्यासारखंच की काकू."

कुठलं माझ्यासारखं. माझा बाप मिठागरातून तसाच, पायाला मीठ लागलेला, येऊन गर्दीच्या मागे उभा राहायचा. बघायचा आणि न बोलता जायचा. मी पळाले नाही, मला गावोगावी बोलवायचे. उत्सवाच्या नाटकात गावातले पुरुष महिनाभर तालमी करणार आणि बाईच्या कामाला मी, प्रयोगाच्या दुपारी एसटीनं उतरणार. आजचा नवरा शिर्कीचा, उद्याचा जोह्याचा. त्याचं वाक्य कुठे संपणार हे मला माहीत नसायचं. मी त्याचे खांदे बघायचे. खांदा खाली आला की माझं वाक्य.

पडद्यावर माझं काय झालं? शेजारीण, नर्स, परत शेजारीण. एका मालिकेत खून झाला. तोही कॅमेऱ्याकडे पाठ करून.

१३ डिसें.

आज फार रीटेक. सगळे माझ्यामुळे. डाव्या कानात बाईंचा मूळ आवाज असतो, समोर पडद्यावर बाई. मी ओठ बघत नाही, अजूनही खांदेच बघते. खांदा उचलला की बाई बोलणार. सगळ्या जुन्या सिनेमांत हे असं जमलं की दीपेश तोंडात बोट घालायचा. या मालिकेत जमत नाही. खांदा उचलतो एकीकडे, आवाज येतो भलतीकडे. कानातला आवाज खालचा, जाड. तिथपर्यंत उतरायला घसा ओढावा लागतो.

दीपेश म्हणाला, "तुमचा घसा बसलाय म्हणून तसं वाटतंय."

असेल.

घरी आल्यावर बेसिनमध्ये थुंकले तर बारीक लाल धागा. पाणी सोडलं. परत थुंकून बघितलं, काही नाही. पेरू खाल्ला होता दुपारी. पेरूनं असं होतं का?

१५ डिसें.

पेणच्या बाजारात नर्मदामावशी भेटली, आईची धाकटी बहीण, खाडीकडून वाल घेऊन आलेली. मी मागून हाक मारली तर वळलीच नाही. पुढे जाऊन उभी राहिले तेव्हा कपाळाला हात लावला तिनं.

"तू होतीस व्हय? काय गो, आवाज कुठं टाकून आलीस?"

म्हटलं, मावशी, हा आवाज लोकांना आवडतोय. मुद्दाम काढलाय.

"हा तुजा नाय," ती म्हणाली. वालाच्या शेंगा पिशवीत कोंबल्या आणि परत म्हणाली, "हा तुजा नाय गो. दाखव कुनाला तरी."

मला राग आला तिचा. बसमध्ये रोह्यापर्यंत राग होता.

१८ डिसें.

पेणच्या डॉक्टरना दाखवलं. बॅटरी मारून बघितलं, गुळण्या दिल्या. निघताना म्हणाले, दिवाळीपासून म्हणता, तर पनवेलला जाऊन दुर्बिणीनं बघून घ्या. सहज म्हणाले, पण चिठ्ठी लगेच लिहिली. तीही मी न मागता.

मालिका संपली की जाते.

ह्यांना सांगितलं कफ आहे. हे माझ्याकडे बघत राहिले. मी सुकट भाजत होते, करपली.

२२ डिसें.

मुंबईहून ॲपवाल्यांचा फोन दीपेशला. जाहिरातीत सफियाचं वाक्य घालणार, माझ्या आवाजात. "असा खरवडलेला आवाज दुसऱ्या कुठल्याच भाषेत लागला नाही" असं म्हणाले. दीपेशनं पेढे आणले. पेढा उतरेना. पाण्याबरोबर उतरवला.

खरं सांगायचं तर आनंद झाला. एवढी भीती वाटत असताना कसा काय आनंद होतो कळत नाही, पण झाला. मयुरीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू रडतेयस का?" म्हटलं नाही गं, बोलतेय.

२६ डिसें., शुक्र.

आज कळलं.

भा. १७. सफिया अंगणात उभी राहून थोरल्या मुलावर ओरडते. बाईंचा खांदा वर, मानेच्या शिरा ताठ, छाती आत गेलेली. असा दम घेऊन माणूस ओरडलं तर आवाज फुटायला हवा. चिरकायला हवा. मी जन्मभर ओरडलेय माइक नसलेल्या स्टेजवर, मला माहीत आहे. आणि डाव्या कानात मात्र भरलेला, गोल, सावकाश आवाज.

दीपेशला म्हटलं आवाज बंद कर, नुसतं चित्र दाखव. मग मागचे भाग काढायला लावले. सगळ्या भागांत बाईंच्या गळ्याला रुमाल. घरात, अंगणात, झोपलेल्या असतानाही. मी समजत होते, म्हातारीची वेशभूषा. जुन्या सिनेमांत याच बाईंचा गळा कायम उघडा, कॅमेरा तिथून हलायचा नाही.

"दीपेश, ह्या बोलत नाहीयेत."

"म्हंजे?"

"तोंड हलवतायत. बोलतेय दुसरीच."

तो हसला आधी. मग हसला नाही.

२७ डिसें.

शेवटी जी नावं सरकतात ती दीपेशनं थांबवून थांबवून फोनवर भाषांतर करून वाचली. बाईंचं नाव एकदम वर, मोठ्या अक्षरात. आणि खूप खाली, जिथे चहावाले नि गाडीवाले येतात तिथे, "आवाज" आणि एका बाईचं नाव.

म्हणजे मी गेले तीन आठवडे जिच्या मागे घसा ओढत खाली उतरत होते त्या बाई नव्हेतच. कुणीतरी चांगल्या घशाची बाई म्हातारीची नक्कल करत होती, आणि मी, खराच बसलेला घसा घेऊन, त्या नकलेची नक्कल. वर शाबासकी घेत होते.

बाईंच्या घशाला काय झालं होतं, दीपेशनं विचारलं नाही. मीही नाही.

२ जानेवारी

पनवेल. मयुरीला बरोबर नेलं, ह्यांना ब्लाउजच्या कापडाला जातो म्हणून सांगितलं. नाकातून नळी. समोर पडद्यावर माझा घसा. मी माझाच घसा बघत होते आणि सवयीनं विचार करत होते की आता बोलणार कधी.

डॉक्टर तरुण मुलगी आहे. चांगली आहे, उगाच हसली नाही. "आवाजाच्या डाव्या पट्टीवर काहीतरी आहे. तुकडा काढून तपासायला पाठवू. तोवर बोलणं बंद. आणि लांबवू नका."

"किती दिवस चालेल?" मी विचारलं.

"मी लांबवू नका म्हटलं."

परतीच्या गाडीत मयुरी माझा हात धरून बसली होती. नागोठणं आलं तरी सोडला नाही. तिला शपथ घातली, बाबांना आत्ता नको सांगू. थोडेच भाग राहिलेत. सफिया घर वाचवते की नाही ते अजून मलाही माहीत नाही.

७ जाने.

घरात बोलत नाही, स्टुडिओत बोलते. ह्यांना वाटतं मी रुसलेय. आज शिफ्टवरून येताना शेवंतीची वेणी आणली. माझ्यापुढे धरून उभे राहिले. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. माळली.

भा. २३, २४ झाले. आता कानातल्या बाईचं ऐकत नाही. दीपेशला सांगून डावा कान बंदच केला. नुसत्या बाई बघते, त्यांचे खांदे, त्यांच्या शिरा, आणि त्या जशा बोलल्या असत्या तसं बोलते. आवाज फुटतो, चिरकतो. दीपेश म्हणतो, अंगावर काटा येतो काकू.

काटा माझ्याही येतो. शूटिंगच्या दिवशी त्या अंगणात खरा आवाज कसा आला असेल ते कुणीच ऐकलं नाही. ठेवलाच नाही कुणी.

१४ जाने.

संक्रांत. आमच्या वरश्यातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. मी हसत होते नुसती. "तिळगुळ घ्या, गोड बोला," प्रत्येकीनं म्हटलं. समोरची शिंदीण म्हणाली, "काय हो, तुम्ही टीव्हीवाल्या, आमच्याशी काय शब्द मोजून बोलता?" मयुरी मध्ये पडली, आईचा घसा बसलाय म्हणाली.

फोन वाजला. मयुरीनं उचलला, पलीकडे नर्मदामावशी. स्पीकरवर होता. "आला का गो तुजा आवाज परत! देवा!" मावशीला वाटलं मीच. मयुरीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, असू दे. मयुरी मग माझी होऊन बोलली मावशीशी, वालाचं, गुडघ्याचं, सगळं. मी समोर बसून तिळाचे दाणे वेचत ऐकत होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण बायका बसल्या होत्या.

१६ जाने.

भा. २८. वाक्य होतं, "हे घर माझं आहे." तोंड उघडलं, हवा आली. परत. हवा. दीपेशनं माइकची वायर तपासली, बिचारा. आधी खरंच वायर तपासली. मग माझ्याकडे बघून खाली बसला.

मी खुणेनं सांगितलं, चहा घेऊ, मग होईल. चहा घेतला. नाही झालं.

बाहेर आत्याच्या अंगणात माघी गणपतीच्या मूर्ती वाळत ठेवलेल्या, जागा कमी पडली म्हणून हमरापूरहून आणून. रंग न दिलेल्या. त्यांच्यामधून वाट काढत बसपर्यंत गेले. रडू येत होतं, पण रडायलाही आवाज लागतो हे आजच कळलं.

१९ जाने., सोम.

दीपेशनं मयुरीकडून फोनवर सगळं काढून घेऊन ह्यांना सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं. दुपारी स्टुडिओच्या दारात हे उभे. पिवळी टोपी हातात, बूट तसेच, शिफ्ट अर्धी टाकून आलेले. माझ्याकडे नाही, दीपेशकडे बघून म्हणाले, "तुला ऐकायला येत नव्हतं?"

दीपेशनं कानावरचा हेडफोन काढून ठेवला.

"मला येत होतं," हे म्हणाले. "पण ती म्हणली कफ हाय. मी म्हणलं, असंल."

मग स्टुलावर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवून हमसून रडले. मी ह्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही नाही. मी जवळ जाऊन पाठीवर हात फिरवत राहिले. तोंडातून "उगी" म्हणायलाही येईना.

२१ जाने.

ऑपरेशनची तारीख मिळाली. सफियाचे दोन भाग राहिलेत.

दीपेश बोलत नव्हता, पण मला माहीत होतं त्याच्या मनात काय आहे. फोनवर मयुरीचा आवाज त्यानंही ऐकलाय. मीच लिहून दिलं, मयुरीला बोलाव.

आज ती आत उभी राहिली, मी काचेबाहेर. दीपेशच्या शेजारी, त्याच्या खुर्चीवर. पहिल्याच टेकला ती म्हणाली, "हे घर माझं आहे." मी दचकले. माझा आवाज होता, दिवाळीच्या आधीचा. माझं तोंड बंद, आणि आत मी बोलत होते.

दीपेशनं विचारलं, "थोडा बसवून घेऊ का? आधीच्या भागांशी जुळवायला? ताई, जरा खरवडून बोलाल?"

मयुरीनं घसा ओढला. खाली, जाड.

मी काचेवर दोन्ही हातांनी थाप मारली. नाही. नाही. दीपेश घाबरला. कागदावर लिहिलं: तिच्या घशाला हात लावायचा नाही. जसं येतं तसं घे. लोक म्हणतील आवाज बदलला, म्हणू देत.

२४ जाने.

सफिया घर वाचवत नाही. विकलं जातं. शेवटी ती रिकाम्या अंगणात खुर्ची मांडून बसते. संवाद नाही. बाई नुसत्या बघत राहतात. मयुरी म्हणाली, "इथे मला काही बोलायचंच नाही का?" दीपेश म्हणाला, नाय, खलास.

जाताना मी दीपेशला फोनवर लिहून दाखवलं: बाईंचं पुढे काय झालं? मालिकेनंतर?

"बघितलं नाय काकू."

बघितलंय. त्याचे कान लाल होतात खोटं बोलताना. लॅपटॉप मिटून म्हणाला, "तुमी या बऱ्या होऊन. मग बघू दोघं मिळून."

 फोनवर मीही शोधू शकते. बाईंचं नाव मला लिहिता येतं. नाही शोधलं.

२८ जाने.

पनवेल. दवाखान्यात दाखल. खिडकीतून हायवे. शेजारच्या पलंगावर महाडच्या आजी आहेत, त्यांचा थायरॉइड. एकट्याच बोलत असतात, मला बरं वाटतं.

तुकडा काढणार, तो तपासायला जाणार. डॉक्टर म्हणाली, आत गेल्यावर गरज वाटली तर जास्तही काढावं लागेल, सही तशी घेतलीय. किती जास्त ते तिनं सांगितलं नाही. मयुरीचे बाबा विचारायला उठले आणि परत बसले.

२९ जाने., सकाळ

डॉक्टर येऊन गेली. भूल द्यायच्या आधी माझा आवाज रेकॉर्ड करणार, नंतर ताडून बघायला. "काहीही बोला. अर्धा मिनिट. जेवढा येईल तेवढा, पण जोर लावून नको." इतके दिवस गप्प ठेवलंय, थोडा येईल म्हणते.

तेव्हापासून विचार करतेय काय बोलू. डोक्यात येतं ते सगळं दुसऱ्याचं. नाटकांतली वाक्यं येतात. सफियाची येतात. सिनेमातल्या नर्सचं एक येतं, "पेशंटला आराम करू द्या." एवढं बोलले आयुष्यात, आणि माझं म्हणून अर्धा मिनिट सापडेना. फोनवर लिहून ह्यांना दाखवलं: काय बोलू?

 चष्मा घरी राहिलाय म्हणून ह्यांनी फोन लांब धरून दोनदा वाचलं. मग खाली बघत म्हणाले, "मला हाक मार."

मी खुणेनं विचारलं, काय म्हणून?

"नावानं."

लग्न झाल्यापासून कधी नाही मारली. अहो, नाहीतर मयुरीचे बाबा. उखाण्यातसुद्धा मी शिताफीनं आडनावावर उडवायचे. आणि गावोगावच्या स्टेजवर परक्या नवऱ्यांना नावानं हाका मारल्या, या टोकाहून त्या टोकाला जातील अशा. हे सोबतीला आलेले असायचे, मागे टमटमजवळ उभे राहून ऐकायचे. कधी काही म्हणाले नाहीत. इतकी वर्षं मनात होतं तर म्हणायचं होतं एकदा. वेडे कुठले.

नाव मनातल्या मनात म्हणून बघितलं. तीन अक्षरं आहेत. पहिली दोन जातील. तिसऱ्यावर दम तुटेल असं वाटतं.

सिस्टर आली. बांगड्या काढून ठेवा म्हणाली, मंगळसूत्रही. मयुरीकडे दिलं. रेकॉर्डिंग आत आहे, नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. हे दाराशी जाऊन उभे राहिलेत, अगदी चिकटून. दार जाड दिसतंय.

आतलं बाहेर ऐकू येतं का, ते कुणालाच विचारलं नाही.